फिक्या बाजूची तपासणी

उन्हात टेकडी चढून आलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो, कपाळावर घाम डवरतो. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पण हा लालपणा नाकाच्या रेषेवरच थांबला, एक गाल तापलेला आणि ओला, तर दुसरा फिका आणि कोरडा राहिला, तर तोच माणूस आरशासमोर हबकतो. या स्थितीला वैद्यकात हार्लेक्विन सिंड्रोम म्हणतात.

असा रुग्ण डॉक्टरांना लाल बाजू दाखवतो. साहजिकच आहे, ती तापते, तिथून घाम ओघळतो, घरच्यांची नजरही तिकडेच जाते. प्रत्यक्षात ती बाजू बहुधा निरोगी असते. व्यायाम, उष्णता किंवा मनाची खळबळ यांना चेहऱ्याने जसा प्रतिसाद द्यायला हवा तसा ती देत असते. बिघाड असतो तो गप्प राहिलेल्या, फिक्या बाजूत.

घाम आणि चेहऱ्याची लाली आपल्या इच्छेवर चालत नाही. तो कारभार अनुकंपी चेतासंस्थेचा. चेहऱ्यासाठीचे तिचे तंतू मुख्यतः छातीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांच्या पातळीवर मेरुरज्जूतून निघतात, फुफ्फुसाच्या टोकाजवळून मानेत चढतात आणि रोहिणीच्या सोबतीने चेहऱ्यापर्यंत पोहोचतात. या लांबच्या वाटेत कुठेही एका बाजूचे तंतू निकामी झाले, की त्या बाजूला संदेश जात नाही. डोळ्याच्या बाहुलीचे तंतू थोडे वर, पहिल्या पातळीवर निघतात. म्हणूनच कित्येक रुग्णांच्या बाहुल्या अगदी ठीक असतात, आणि डोळे पाहून निदान करू जाणारा डॉक्टर चकतो.

सिडनीचे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स लान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि विकाराला हे नाव दिले. मेरुरज्जूच्या ज्या भागातून चेहऱ्याचे तंतू निघतात त्याला रक्त पुरवणारी बारीक रोहिणी बंद पडली असावी, हा त्यांचा कयास होता. पुढे आणखी कारणे समोर आली: मानेतली किंवा फुफ्फुसाच्या टोकावरची गाठ, मानेच्या रोहिणीच्या भिंतीला पडलेली चीर, मानेतल्या शिरेत नळी घालताना झालेली इजा, छातीतली शस्त्रक्रिया. अनेकांत मात्र काहीच कारण सापडत नाही आणि जीवाला धोकाही नसतो. तरीही लक्षण नव्याने उद्भवले असेल, तर मान आणि छातीचे स्कॅन टाळू नये.

निदानाची एक चाचणी अगदी साधी आहे. चेहऱ्याला आयोडिन लावायचे, ते वाळले की वर स्टार्चची पूड भुरभुरायची आणि रुग्णाला घाम येऊ द्यायचा. घाम फुटेल तिथे पूड निळी-काळी होते, बिघडलेली बाजू तशीच राहते. सावळ्या त्वचेवर लाली चटकन ओळखू येत नाही. आपल्याकडच्या रुग्णात अर्ध्याच कपाळावरचा घाम हीच खूण आधी दिसण्याचा संभव अधिक.

याच्या अगदी उलट प्रकारही आहे. पोलंडच्या वूत्सिया फ्रे यांनी १९२३ मध्ये कानाजवळच्या लालाग्रंथीत गोळी लागलेल्या एका सैनिकाचा अभ्यास मांडला. जेवताना त्याचा एकच गाल लाल होई आणि घामाने भिजे. जखम भरताना लाळेचे तंतू चुकून घर्मग्रंथींना जाऊन जुळतात; त्यामुळे तोंडाला पाणी सुटण्याऐवजी गालाला घाम सुटतो. इथे दोषी बाजू लालच. फ्रे ज्यू होत्या. नाझींच्या ताब्यातल्या ल्वुफच्या ज्यू वस्तीत १९४२ मध्ये त्यांची हत्या झाली, असे मानले जाते. वैद्यकाच्या पुस्तकात त्यांचे नाव या विकाराला आजही आहे. ते उच्चारताना त्यांचा शेवटही सांगितला जायला हवा.

फ्रे यांच्या विकारात बोटुलिनम विषाची सूक्ष्म मात्रा गालात टोचल्यावर घाम काही महिने थांबतो. हार्लेक्विनमध्ये बहुतेकांना समजावून सांगणे पुरते. चारचौघांत वावरणे फारच जड जाऊ लागले, तर लाल होणाऱ्या, म्हणजे धडधाकट, बाजूचे तंतू छेदून दोन्ही गाल सारखे करण्याची शस्त्रक्रिया काहींवर झाली आहे. चांगले मज्जातंतू कापण्याचा तो निर्णय आहे. बिघाड फिक्या बाजूत आहे हे रुग्णाला नीट उमगल्याशिवाय त्याची संमती घेऊ नये.