टेक्स्ट फाईल लेझर प्रिंटरवर छापताना

पतसंस्थांत, दूध सोसायट्यांत, औषधांच्या दुकानांत डॉसवरचे जुने प्रोग्राम अजून कुठे कुठे चालू आहेत. तिथला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एक दिवस मोडीत निघतो, त्याच्या जागी लेझर येतो, आणि वर्षानुवर्षं सरळ छापली जाणारी रोजकीर्द वाकडीतिकडी यायला लागते. मग प्रिंटरवाल्याला फोन जातो. प्रिंटर बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

ही रोजकीर्द म्हणजे साधी टेक्स्ट फाईल. तिच्यात अक्षरं असतात, मोकळ्या जागा असतात, ओळ संपल्याची खूण असते. अक्षराचा आकार, समास, कागदाचं माप यातलं तिच्यात काहीच नसतं. ते छापणाऱ्यानं ठरवायचं. डॉट मॅट्रिक्सवर ते ठरलेलंच होतं: इंचाला १० अक्षरं, इंचाला ६ ओळी, म्हणजे ११ इंची कागदावर ६६ ओळी. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं हाच हिशेब धरून रकाने आखलेले असतात.

आता ए-फोर कागदावर हा हिशेब पुन्हा मांडू. फाईल नोटपॅडमध्ये उघडा आणि आधी फॉन्ट बघा. कुरियर न्यूसारखा, प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असलेला फॉन्टच हवा. एरियलमध्ये रकमांचे रकाने सरकतात. कुरियर न्यू १२ पॉइंटला इंचात १० अक्षरं बसवतो, १० पॉइंटला १२. तुमची ओळ ८० अक्षरांची असेल तर १२ पॉइंटला तिला ८ इंच, म्हणजे २०३ मिलिमीटर लागतात. कागदच २१० मिलिमीटर रुंद. कडेच्या चारेक मिलिमीटर पट्टीत लेझर प्रिंटर सहसा छापतच नाही, त्यामुळे शेवटची एक-दोन अक्षरं, आणि तीही बहुधा पैशांची, खालच्या ओळीवर जाऊन पडतात. १० पॉइंट घ्या. ओळ १६९ मिलिमीटरची होते आणि फाईलला भोकं पाडायलाही समास उरतो. १३२ अक्षरांचा रुंद अहवाल असेल तर कागद आडवा करा आणि ९ पॉइंट ठेवा.

नोटपॅड वर फाईलचं नाव आणि खाली पानाचा क्रमांक आपणहून छापतो. पेज सेटअपमध्ये हेडर आणि फूटरची चौकट रिकामी केली की दोन्ही जातात. नाव खुशाल काढा. क्रमांक मात्र मी राहू देईन. ऑडिटरच्या टेबलावर गठ्ठा एकदा सुटला की त्याची किंमत कळते.

लांबीचं दुखणं जास्त चिवट आहे. काही प्रोग्राम पान संपल्याची खूण देत नाहीत, नुसत्या रिकाम्या ओळी सोडून ६६चा आकडा गाठतात. फाईल थेट प्रिंटरकडे गेली तर लेझरजेट जातीचा प्रिंटर ए-फोरवर साधारण ६४ ओळी घेतो. उरलेल्या दोन पुढच्या पानावर. तिथून प्रत्येक पानाचा मथळा दोन-दोन ओळी खाली घसरत जातो. प्रोग्राममध्ये पानाच्या ओळी ठरवायची सोय असेल तर ६० करा आणि शेवटी फॉर्म फीडची, म्हणजे पान संपल्याची, खूण मागा. ती खूण आणखी एका कारणासाठी लागते. लेझर प्रिंटर पूर्ण पान स्मृतीत जुळवल्यावरच छापतो. खूण आली नाही तर शेवटचं अर्धं पान तो पोटातच धरून बसतो, आणि आपण कागद अडकला म्हणून झाकण उघडतो.

आता एक खास गंमत. एप्सनच्या डॉट मॅट्रिक्सला ठळक अक्षरं हवी असतील तर एस्केपचा संकेत आणि त्यामागे मोठा ‘ई’ पाठवतात. एचपीच्या लेझर भाषेत, पीसीएलमध्ये, तोच संकेत म्हणजे ‘सगळं विसर आणि नव्यानं सुरुवात कर’. अर्धवट पान असेल तर तो ते बाहेर टाकतो. ठळक मथळ्यांचा अहवाल अशा प्रिंटरवर सोडला की मथळ्यागणिक कोरा-अर्धा कागद पडत राहतो! प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा प्रकार बदला, किंवा ठळकपणाचा नाद सोडा.

नवा प्रिंटर घेणार असाल तर दुकानदाराला विचारा, याला पीसीएल येतं का. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२० असे स्वस्त प्रिंटर पानाचं चित्र संगणकाकडून तयार करून घेतात. विंडोजमधून ते छान छापतात, पण डॉसमधून थेट आलेली अक्षरं त्यांना कळत नाहीत. अशा वेळी अहवाल फाईलमध्ये घ्यायचा आणि विंडोजमधून छापायचा. कार्बन कॉपीचं थोडक्यात: लेझरमध्ये ठोका बसत नाही, त्यामुळे कार्बन उमटणार नाही, शिवाय आतला रोलर तापतो, तेव्हा कार्बनचे कागद त्यात घालूच नका. दोन प्रती मागा.

उरलं मराठी. आजची मराठी टेक्स्ट फाईल यूटीएफ-८ पद्धतीची असते, आणि त्यात ‘म’सारखं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-वेलांटीसुद्धा, तीन-तीन बाइट घेते. ही फाईल थेट प्रिंटरला पाठवली तर काही प्रिंटरवर पानभर ग्रीक अल्फा उमटतात, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच आहे. मराठी नेहमी विंडोजमधूनच छापा आणि सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, ते बघा. एएनएसआय राहिलं तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाईप केलेला मजकूर टेक्स्ट म्हणून साठवलात तर फॉन्ट गळतो आणि इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा उरतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि मराठी नावांपुढे रकमांचे रकाने जुळवायचे असतील तर मोकळ्या जागा मोजत बसू नका, मजकूर सरळ एक्सेलमध्ये घ्या.

मोठा अहवाल असेल तर प्रिंटरच्या यादीतला ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून आधी पडद्यावर पानं बघा. पहिलं, मधलं आणि शेवटचं, एवढी तीन बघितली तरी पुरे.