भाव ठरवण्याआधी

वीज कंपनीचा माणूस गावात आला की पहिला प्रश्न निघतो, ‘एकरी काय देणार?’ आमच्याही गावात तोच निघाला. घाटमाथ्यावर आमची वरकस जमीन आहे. तिथे नाचणी होते, वरई होते, बाकी गवत. त्या जमिनीवर एका खासगी कंपनीला पाण्याचा साठा करायचा होता. आम्ही अकरा खातेदार. आजवर सात बैठका झाल्या आणि पहिल्या तीन बैठकांत आम्ही भावाचा विषय निघूच दिला नाही. त्याचं कारण आज सांगायचं आहे.

आधी हा साठा कसला, ते पाहू. नेहमीचं धरण पावसाचं पाणी अडवतं आणि शेताला, शहराला देतं. उदंचन प्रकल्पाचं तसं नाही. त्यात दोन तलाव असतात, एक डोंगरावर आणि एक खाली. वीज स्वस्त असते तेव्हा, म्हणजे हल्ली सौर वीज भरपूर असते त्या दुपारच्या वेळी, पाणी वर चढवायचं. संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज तयार करायची. १०० युनिट खर्च केले तर साधारण ७५ ते ८० परत मिळतात. घाटघरचा असा २५० मेगावॉटचा सरकारी प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांचं धरण-धोरण ठरवलं आणि खासगी कंपन्यांचा ओढा सह्याद्रीकडे वाढला. सौर वीज रात्री वापरायची तर साठवण हवीच. त्यामुळे या प्रकल्पांना सरसकट विरोध करावा, असं माझं म्हणणं नाही.

पण शेतकऱ्याच्या बाजूने एक मोठा फरक आहे. नेहमीच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरतं, गाळपेराची जमीन उघडी पडते, तिच्यात एखादं पीक निघतं. इथे पाणी रोज वरखाली होतं. काठाची जमीन कसता येत नाही आणि गुरं पाण्यावर नेणंही धोक्याचं. म्हणजे तलावाला कुंपण आलं, कुंपणाबाहेरून रस्ता आला. आम्ही पहिली मागणी केली ती दगडांची. पाणी पूर्ण भरल्यावर कुठवर येईल आणि कुंपण कुठे पडेल, तिथे दगड रोवून दाखवा. दगड रोवले तेव्हा नकाशातल्या ४२ एकरांचे ५३ एकर झाले. आधी भाव ठरला असता तर वरचे ११ एकर नुसतेच अडकून पडले असते.

दुसरी गोष्ट झऱ्याची. आमच्या जमिनीच्या खाली कड्याला एक झरा आहे आणि खालची वाडी त्याच झऱ्यावर जगते. डोंगरातून बोगदा काढायचा तर सुरुंग लागणार, खडकातल्या भेगांची वाट बदलू शकते. उद्या झरा आटला तर तो सुरुंगाने आटला की उन्हाने, हे कोण ठरवणार? म्हणून काम सुरू होण्याआधीच दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर झरा मोजायचा. हंडा भरायला किती वेळ लागतो, तारीख घालून लिहायचं आणि सह्या घ्यायच्या. याला खर्च काही नाही, पण पुढे हाच कागद पुरावा ठरतो.

तिसरी गोष्ट, जमीन विकायची की भाड्याने द्यायची? आम्ही भाडेपट्टा म्हटलं. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो, साध्या स्टॅम्पपेपरवरच्या समजुतीने भागत नाही. शिवाय कंपनीने प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला तर जुन्या अटी नव्या मालकाला लागू राहतील का? काम अर्ध्यावर थांबलं तर बोगद्यातून निघालेला मलबा कोण उचलणार? त्यासाठी बँक हमी मागा. तोंडी शब्द देणारा अधिकारी बदलून जातो, हमीचा कागद मागे राहतो.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. बोलणी करायला बसणार कोण? इथे मुळशीची आठवण ठेवावी. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी तिथे धरण होणार होतं. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी सत्याग्रह केला. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली गेली. कसणाऱ्याला जमीन हवी होती, तर कागदावर मालक असलेल्या पुण्यातल्या सावकारांचं लक्ष मोबदल्याकडे होतं. बाजू अशी आतूनच दुभंगली.

आज २०१३ चा कायदा आहे. खासगी कंपनीसाठी सरकार जमीन संपादन करत असेल तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. पण कंपनी थेट व्यवहार करते तेव्हा ही अट नसते. तिथे प्रत्येक खातेदार एकटा असतो. आमच्याकडेही ‘आधी सही करेल त्याला जास्त’ असा निरोप आलाच. एका खातेदाराच्या घरी आजारपण होतं, दवाखान्याचं बिल डोक्यावर होतं. तो सही करायला निघाला होता आणि त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दहा जणांनी पैसे गोळा केले, उरलेले दूध संस्थेतून उचल म्हणून मिळाले. तो थांबला, म्हणून पुढच्या बैठका झाल्या. ‘एकजूट ठेवा’ असं नुसतं सांगून भागत नाही, थांबणाऱ्याचा खर्च वाटून घ्यावा लागतो.

बहिणींचंही तेच. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क, असा कायदा २००५ पासून देशभर आहे. तरी कंपनीचा व्यवहार आला की आधी हक्कसोडीचा कागद पुढे होतो. आम्ही बहिणींना बैठकीला बोलावलं. झऱ्याची अट करारात हवीच, हा आग्रह त्यांचाच. त्यांतली एक त्या खालच्या वाडीत नांदते.

आज स्थिती अशी आहे. दगड मान्य झाले, सर्वांना एकच दर मान्य झाला, बँक हमीचा मसुदा आला आहे. झऱ्यासाठी मात्र कंपनी म्हणते, ‘वेगळं पत्र देतो, करारात नको.’ आम्ही सही केलेली नाही. दर चांगला आहे आणि अकरा घरांत पैशाची गरजही आहे. पण झऱ्याचं पाणी पिणाऱ्या वाडीचं नाव आमच्या सातबाऱ्यावर नाही. त्यांच्या वतीने बोलायला या टेबलाशी आमच्याशिवाय कोणी नाही.

तुमच्या गावात अशी बोलणी सुरू होणार असतील तर सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा आजच काढून ठेवा. येत्या उन्हाळ्यात झरेही मोजून ठेवा. कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबू नका.