जुन्या घराची खिडकी: एक काच की दोन?



दिवाळी आटोपली की अमरावती-अकोल्यात घरांच्या डागडुजीची कामं निघतात. जुन्या घरांतून मग एक प्रश्न हमखास येतो: सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या, दोन काचांच्या खिडक्या लावायच्या का? मुलगा लंडनला असतो, मुलगी टोरांटोला असते. दोन काचांमुळे घर कसं उबदार राहतं, हे त्यांनी तिकडे अनुभवलेलं असतं. आईबाबांना उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून ती फोनवर आग्रह धरतात. त्या आग्रहामागची माया खरी आहे. वऱ्हाडच्या उन्हाचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि लाखभर रुपये खर्च करण्याआधी तो समजून घ्यायला हवा.

ही घरं उभी राहिली ती कापसाच्या पैशावर. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. अमरावतीच्या परकोटाच्या आत, माताखिडकीपासून जवाहर गेटापर्यंत, आणि इकडे अकोल्यात मोर्णेकाठच्या जुन्या शहरात वाडे उठले. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, वर धाबं, मेळघाटचं सागवान. आधीच्या खिडक्यांना काच नव्हतीच. लाकडी कवाडं आणि लोखंडी गज, एवढंच. रेल्वेनं काच आणली तशी वरच्या भागात तावदानं आली. अमरावतीच्या कॅम्पातल्या बंगल्यांना तिरप्या पट्ट्यांच्या झिलमिली लागल्या.

आता दोन काचांची खिडकी काय करते ते पाहू. दोन काचांच्या मध्ये साधारण १२ मिलिमीटर हवा कोंडलेली असते. हवा उष्णता सहज वाहून नेत नाही, म्हणून एका काचेतून जितकी उष्णता पलीकडे जाते, त्याच्या निम्मीच दोन काचांमधून जाते. लंडनच्या जानेवारीत बाहेर दोन-तीन अंश असतात आणि आत शेगडी पेटलेली असते. तिथं ही बचत मोलाची आहे.

पण ऊन ही निराळी गोष्ट आहे. ऊन काचेतून थेट आत शिरतं. काचेवर पडलेल्या उन्हाचे १०० भाग धरले, तर साध्या एका काचेतून ८०-८५ भाग आत येतात. साध्या दोन काचांमधून ७०-७५. फरक केवढा, तर दहा भागांचा! एकदा आत आलेलं ऊन फरशीला, पलंगाला, भिंतीला तापवतं, आणि ती उष्णता काच परत बाहेर जाऊ देत नाही. तेच ऊन काचेच्या बाहेर, झिलमिलीच्या लाकडी पट्ट्यांवर अडलं, तर आत येतात पंधरा-वीस भागच. आतून लावलेला पडदा हे काम करू शकत नाही, कारण पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घरात आलेलंच असतं.

इथं आकाशाकडेही पाहायला हवं. आपली दोन्ही शहरं कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेला आहेत. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतच नाही. छळते ती पश्चिमेची खिडकी. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो, छज्ज्याच्या खालून घुसतो, आणि पारा ४५ अंशांवर असताना दिवस मावळेपर्यंत समोरून भाजत राहतो. तेव्हा घरातल्या सगळ्या खिडक्या बदलण्याचा विचार करण्याआधी, पश्चिमेला कोणत्या उघडतात ते मोजा. बहुतेक घरांत त्या दोन-तीनच निघतील. खरं काम तेवढंच आहे.

दुसरी गोष्ट कूलरची. वऱ्हाडात उन्हाळा निघतो तो कूलरवर. बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आत येते आणि गार होते. पण ती गार हवा आत फिरायची, तर आधीच्या हवेला बाहेर पडायला वाट हवी, म्हणजे समोरची खिडकी उघडी हवी. घट्ट बसणाऱ्या, रबर लावलेल्या खिडक्या बंद करून कूलर चालवला, की तासाभरात खोलीत दमटपणा साचतो आणि अंगाला चिकचिक सुटते. सरकत्या खिडकीचा आणखी एक तोटा असा की ती कशीही सरकवली तरी निम्मीच उघडते. कवाडाची खिडकी पूर्ण उघडते. रात्री दहानंतर बाहेरची हवा उतरते, तेव्हा घर निववायला ही पूर्ण उघडी खिडकीच लागते. शिवाय ॲल्युमिनियम सागवानाच्या हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. मे महिन्यात चार वाजता पश्चिमेच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला हात लावून पाहा.

अकोल्याच्या जुन्या शहरात एका वाड्याची खिडकी दुरुस्त होताना मी उभा राहून पाहिली. मालकांनी ती भंगारात काढायची ठरवली होती. सुताराने कवाड उतरवलं, टोच्यानं जागोजाग टोचलं आणि म्हणाला, "लाकडाले काही नाही झालं भाऊ, खालची पट्टीच तेवढी सडली. पाणी थांबते ना इथं." त्यानं खालची चार बोटं कापून काढली, पाडलेल्या घराच्या जुन्या सागाचा तुकडा तिरपा सांधा करून बसवला. बिजागरीच्या खाली पातळ फळी सारली, तसं लोंबलेलं कवाड सरळ झालं. तावदानाभोवतीची सुकलेली लांबी खरवडून नवी भरली. मग उंबऱ्याला बाहेरच्या बाजूनं उतार दिला, म्हणजे पाणी पुन्हा थांबणार नाही. फटींना ब्रशची पट्टी लागली आणि धूळ थांबली. काम दोन दिवसांचं. ते लाकूड शंभर वर्षं टिकलं आहे आणि आणखी टिकेल. दोन काचांच्या खिडकीची कड मात्र वीस-पंचवीस वर्षांत सुटते, मध्ये बाष्प शिरतं, काच आतून धुरकट होते. ती पुसता येत नाही, अख्खी बदलावी लागते.

दोन काचा कुठंच नकोत, असं माझं म्हणणं नाही. ज्या खोलीत दिवसभर एसी चालतो, म्हणजे दवाखाना, कार्यालय किंवा घरात कोणी आजारी असेल तर त्यांची खोली, तिथं त्यांचा उपयोग आहे. पण मग ऊन परतवणारा थर असलेलीच काच घ्या; साध्या दोन काचांवर पैसे घालू नका. दुकानदाराला विचारा, ही काच उन्हाचे किती भाग आत सोडते? आकडा चाळीसच्या खाली असेल तरच पुढचं बोला.

आणि ती जुन्या कवाडात बसवायचा हट्ट करू नका. दोन काचांचा संच २० मिलिमीटरहून जाड असतो, कवाडाची खाच असते बोटभर. वजनही दुप्पट होतं, बिजागऱ्या ओढल्या जातात. इंग्लंडमध्ये दोरी-वजनावर वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्यांबाबत हाच पेच आहे. तिथं संरक्षित घराच्या खिडक्या परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. म्हणून लोक जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला काचेची वेगळी हलकी चौकट बसवतात. आपल्या वाड्यांना तर ही युक्ती फार सोयीची आहे, कारण भिंतीच दोन हात जाड आहेत. बाहेर सागवानी कवाड, आत वीतभर अंतरावर काच. अमरावतीच्या राजकमल चौकासारख्या गजबजलेल्या रस्त्यावर घर असेल, तर आवाज अडवायलाही हे वीतभर अंतर कारखान्यातल्या १२ मिलिमीटरांपेक्षा सरस ठरतं. उन्हाळ्याच्या रात्री दोन्ही उघडा.

ज्यांनी खिडक्या आधीच बदलल्या आहेत, त्यांनीही हताश होऊ नये. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चीक टांगा, काचेपासून हातभर दूर, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाईल. आणि जुनी कवाडं माळ्यावर पडून असतील, तर विकू नका. चौकटीच्या बाहेर दोन बिजागऱ्यांवर ती पुन्हा बसतात. फाल्गुनाच्या आत सुताराला बोलावलं, तर येत्या वैशाखापूर्वी काम उरकेल.