हालाने निवडलेल्या प्रेमकथा
(आकाशवाणीवरील भाषण)



प्रेमकथांचा संग्रह हाती आला की आपण आधी अनुक्रमणिका उघडतो. ओळखीच्या लेखकाची कथा पहिल्यांदा वाचायची, मग ज्याचं नावही कधी ऐकलेलं नाही त्याची. दिवाळी अंकांवर वाढलेल्या घरांना हे सांगायला नको. एकाच लेखकाच्या दहा प्रेमकथा सलग वाचल्या, की पाचव्या कथेपाशीच नायिका कधी रुसणार आणि नायक कधी परतणार याचा अंदाज येऊ लागतो. अनेकांच्या संग्रहात तसा अंदाज चालत नाही. पान उलटलं की माणूस बदलतो, घर बदलतं, प्रेमाचा स्वभावही बदलतो.

मला सर्वांत आवडणारा असा संग्रह फार जुना आहे. त्याचं नाव 'गाथासप्तशती'. हाल नावाच्या सातवाहन राजाने तो सिद्ध केला, महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. कोटी गाथांमधून या सातशे निवडल्या, असं संग्रहाच्या आरंभीच म्हटलं आहे. मूळ संग्रह इसवी सनाच्या पहिल्या शतकातला आणि पुढे काही शतकं त्यात भर पडत गेली, असं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचं मत होतं. जुन्या टीकाकारांनी कवींची नावं नोंदवून ठेवली आहेत. त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा, शशिप्रभा अशा स्त्रिया आहेत. राजाच्या संग्रहात या बायकांचे शब्द आले आणि टिकले, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता दोन ओळींच्या पद्याला मी कथा का म्हणते? कारण प्रत्येक गाथेत कोणीतरी कोणाशी तरी बोलत असतं, किंवा कोणीतरी काहीतरी करत असतं. आधी काय झालं आणि पुढे काय होणार, हे आपण जुळवायचं. टीकाकारही तेच करत आले. इथे सखी बोलते आहे, इथे दूती, असं सांगून ते गाथेची गोष्ट पुरी करतात.

एक प्रसंग पाहा. भर उन्हाची पाणपोई. अकोल्याच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर पारा गेला की आपल्याला पाणपोई म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. वाटसरू ओंजळ धरून वाकला आहे, पाणी पाजणारी वरून धार सोडते आहे. वाटसरूची नजर मात्र वर, तिच्या तोंडाकडे, आणि ओंजळीची बोटं त्याने फाकवलेली. पाणी गळून जातं, तहान भागत नाही, उभं राहायला वेळ मिळतो. तिला हे कळतं. ती काय करते? आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. संपली गोष्ट. कोणी कोणाला नाव विचारलेलं नाही, एक शब्द बोललेला नाही. तरी दोघांचं काय ठरलं ते आपल्याला समजतं. इतक्या थोडक्यात इतकं सांगणारी प्रेमकथा मी दुसरी वाचलेली नाही.

दुसरी गोष्ट आपल्या कापसाच्या वावरातली. पेरणीआधी चांगला दिवस पाहून नांगराची पूजा चालली आहे. पूजा करणाऱ्या बाईचा हात थरथरतो. का? पऱ्हाटी वाढली की आडोसा होणार, आणि तिथे कोणाला भेटायचं ते तिने मनात ठरवून ठेवलं आहे. घरचे लोक पिकाचा हिशेब करत असतील, ती त्याच पिकाचा आपला हिशेब करते. तिसऱ्या गोष्टीत एकीचा नवरा परगावी गेला आहे. गेल्याचे दिवस मोजायला ती भिंतीवर रेघ ओढते, आज गेला, आज गेला असं म्हणत, आणि पहिल्याच दिवसाच्या पूर्वार्धात सारी भिंत रेघांनी भरून जाते.

आणि मग या सगळ्या लाडिक, चोरट्या, अधीर गोष्टींमध्ये अचानक एक शेतकरी भेटतो. त्याची लाडकी बायको वारली आहे. शेतातलं काम संपलं आहे, तिथे करण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी तो घरी जात नाही. ओकंबोकं घर पाहायचं दुःख टाळतो आहे. ही गाथा मी एकदा माझ्या चुलतआजीला मराठीत समजावून सांगितली. ती सरकी निवडत बसली होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "असंच असते बाप्पा. रिकामं घर मानसाले खायाले धावते." तिच्याइतका नेमका टीकाकार या गाथेला मिळाला नसेल.

हा शेतकरी एखाद्या शोकगीतांच्या पुस्तकात असता तर इतका लागला नसता. पाणपोईवरच्या त्या दोघांनंतर काही पानांनी तो येतो, म्हणून लागतो. हे संग्राहकाचं काम. हालाने प्रेमाची सुरुवातच तेवढी निवडली नाही, प्रेम संपल्यावर माणसाचं काय होतं तेही ठेवलं. आजच्या संपादकांनी प्रेमकथांचा संग्रह काढताना हे जरूर पाहावं.

वऱ्हाडाचा या संग्रहाशी आणखी जवळचा धागा आहे. आजचं वाशीम, 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यातलं, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. तिथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः प्राकृत कवी. सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने पारिजात आणला त्या कथेवर त्याने 'हरिविजय' काव्य रचलं. ते आज उपलब्ध नाही, पण सप्तशतीतल्या काही गाथा टीकाकार त्याच्या नावावर देतात. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसा'त वत्सगुल्माला मदनाचं क्रीडास्थान म्हटलं आणि काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न याच नगरात लावलं. रुक्मिणीचं कौंडिण्यपूर तर अमरावती जिल्ह्यातच आहे. प्रेमकथा आपल्याकडे बाहेरून आलेल्या नाहीत.

जर्मनीत आल्ब्रेख्त वेबर यांनी 1870 आणि 1881 मध्ये हालाच्या या गाथा छापून अभ्यासकांपुढे ठेवल्या. मराठीत स. आ. जोगळेकरांनी 1956 साली अर्थासह भली थोरली आवृत्ती दिली. पुस्तक जाड आहे, पण घाबरू नका. एका बैठकीत संपवू मात्र नका. रात्री दोन-तीन गाथा, घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायच्या, आणि बोलणारी कोण, ऐकणारा कोण, हे अर्थ पाहण्याआधी आपण ओळखायचं. मतभेद होतील, होऊ द्या.

आपल्या गावच्या वाचनालयात 'गाथासप्तशती' मागा. नसेल तर मागणीच्या वहीत तिचं नाव लिहून या, आणि पुस्तक येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहा.