गुपित राखणे हीही सेवा

(जागतिक एड्स दिनाच्या आठवड्यात, रविवारच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



आज मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या एका पाड्यावरची बहीण आमच्याकडे येत असे. नवराबायको दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे, होळीला परतायचे. गरोदरपणातल्या तपासणीत तिला एचआयव्ही असल्याचे कळले. तिने ते फक्त मला सांगितले. मी तिला एआरटी केंद्रावर नेले, गोळ्या सुरू झाल्या.

पुढे एका प्रार्थनासभेत मी कळवळून म्हणाले, "आपल्या एका गरोदर बहिणीला दर महिन्याला जिल्ह्याहून गोळ्या आणाव्या लागतात. तिच्यासाठी प्रार्थना करा." नाव घेतले नाही. पण पाड्यावर गरोदर बाया दोनच होत्या. हापशावर तिचा हंडा बाजूला सारला जाऊ लागला. तिने आमच्याकडे येणे सोडले, केंद्रावर जाणेही सोडले. मी क्षमा मागायला गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, आजारानं नाही, तुमच्या प्रार्थनेनं मला मारलं."

तिला परत आणले ते आशाताईंनी. त्या दोन्ही गरोदर बायांकडे सारख्याच जायच्या, म्हणून हिच्याकडे गेल्या तरी कोणाला वेगळे वाटत नसे. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बाळ अठरा महिन्यांचे झाल्यावर शेवटची तपासणी झाली. बाळाला एचआयव्ही नव्हता.

हा योगायोग नव्हे. काहीच उपचार नसले तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात 15 ते 45 इतका असतो. वेळेवर औषध घेतल्यास तो पाचाच्या खाली येतो. एआरटीची औषधे सरकारी केंद्रांत 2004 पासून मोफत आहेत. 2017 पासून तर एचआयव्ही आढळताच उपचार सुरू होतात. रोज गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. 2030 पर्यंत ही साथ संपवण्याचे देशाचे ध्येय आहे. औषध आहे, तपासणी आहे. माणूस मात्र लाजेमुळे, भाड्याच्या पैशांमुळे आणि स्थलांतरामुळे वाटेत अडकतो.

मार्काच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी आठवा. प्रभूने त्याला स्पर्श केला, आणि ही गोष्ट कोणाला सांगू नको, अशी ताकीद दिली. आपण स्पर्श करायला कचरतो आणि सांगायला मात्र धावतो. 2017 च्या कायद्यानेही संमतीशिवाय कोणाची एचआयव्हीची माहिती उघड करायला मनाई केली आहे.

म्हणून मंडळीकडे तीन विनंत्या आहेत. प्रार्थनेत कोणाचा आजार सांगण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. मदतनिधीतून प्रवासभाडे द्या, पण कारण विचारू नका. आणि ऊसतोडीला निघणाऱ्यांना आठवण करा, की जाण्याआधी केंद्रात सांगावे, म्हणजे जादा गोळ्यांची किंवा तिकडच्या केंद्राची सोय पाहता येते. शंका असल्यास 1097 या क्रमांकावर मोफत माहिती मिळते.

ती बहीण आता पुन्हा उपासनेला येते, मागच्या बाकावर बसते. ती कोण, हे मला विचारू नका.