अपुरा अभ्यासक्रम, पूर्ण परीक्षा



अहिल्यानगरच्या लष्करी केंद्रात 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन रणगाडा आदरपूर्वक जतन केलेला आहे. तो सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा. पुण्यात जन्मलेले अरुण जून १९७१ मध्ये पूना हॉर्स पलटणीत अधिकारी झाले. नगरला प्रशिक्षण चालू असतानाच युद्धाचे पाचारण आले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणांगणात त्यांच्या रणगाड्याने पेट घेतला. तो सोडण्याची आज्ञा झाली. तोफ चालू असल्याचे कळवून ते लढतच राहिले आणि एकविसाव्या वर्षी वीरगतीस प्राप्त झाले. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र अर्पण केले.

नगरचा अभ्यासक्रम अपुरा राहिला. परीक्षा मात्र पूर्ण झाली. घरोघरी मुलांना हे अवश्य सांगावे.