साडेसहाशेचा वेबकॅम आणि दशमीचा चंद्र

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

भाकऱ्या झाल्या असतील तर जरा टेका. झाल्या नसतील तर रेडिओ चुलीपाशी ओढून घ्या, हात चालू ठेवा आणि कान इकडं द्या.

आज मी लोणच्याचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं सांगायला आलेली नाही. चंद्राचा फोटो कसा काढायचा, ते सांगायला आलेय. हसू नका! मी शिवणकाम करते, आमच्या बचत गटाची वही माझ्याकडं असते. विज्ञान मी दहावीपर्यंतच शिकले. पण हे काम मी या दोन हातांनी केलंय, एकदा बिघडवलंय आणि मग जमवलंय.

आधी हे डोक्यात का आलं ते सांगते. आमच्या गावात एकदा आकाशदर्शन झालं. एक दुर्बीण आणि भली मोठी रांग. आधी शाळेची मुलं, मग गावातली माणसं आणि शेवटी आम्ही बाया. आमची पाळी आली तेव्हा नऊ वाजले होते. घरी जेवणं खोळंबलेली. ज्यांनी डोळा लावला त्यांना नुसता पांढरा उजेड दिसला. आमच्या गटातल्या सत्तरीच्या आजींना तर वाकताच येईना, गुडघे धरलेले. त्या म्हणाल्या, "बघितला गं, छान आहे." त्यांनी काही बघितलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

ते मनाला लागलं. नंतर कळलं, की तसलीच दुर्बीण आमच्या शाळेच्या कपाटात पडून आहे. माझी मुलगी अकरावीला आहे. ती म्हणाली, "आई, दुर्बिणीला वेबकॅम लावला तर चंद्र टीव्हीवर दिसतो. सगळ्यांना एकदम." वेबकॅम म्हणजे कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलायला लावतात तो छोटा कॅमेरा. सन २००० च्या आसपास परदेशातल्या हौशी लोकांनी फिलिप्सचा टूकॅम नावाचा असाच साधा वेबकॅम वापरून चंद्राचे आणि ग्रहांचे सुंदर फोटो काढले होते. मग आपण का नाही?

गटाच्या बैठकीत विषय मांडला. साडेसहाशे रुपये मंजूर झाले. आता माझी चूक ऐका, म्हणजे तुमची होणार नाही.

वेबकॅमच्या तोंडाशी एक बारीक भिंग असतं. ते काढून टाकायचं असतं, कारण आता भिंगाचं काम दुर्बीणच करते. भिंग काढलं की आत डाळीच्या दाण्याएवढा चमकता तुकडा दिसतो. तो सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. मी भिंग काढलं आणि पुढं पाइपचा तुकडा झटपट चिकटणाऱ्या गोंदानं चिकटवला. त्या गोंदाची वाफ आत कोंडली आणि सेन्सरच्या काचेवर पांढरी साय धरली. मी घाबरून पदरानं पुसायला गेले, तर काचेवर ओरखडे उठले. साडेसहाशे रुपये गेले.

रात्रभर झोप नाही. मनात आलं, कुणाला न सांगता घरातनं पैसे घालावेत आणि दुसरा आणावा. पण वही माझ्याच हातात आहे ना! आज मी हे झाकलं, तर उद्या दुसरीच्या चुकीवर बोट कसं ठेवू? बैठकीत सांगितलं. दोघी-तिघी रागावल्या. एक म्हणाली, "कांदे निवडून मिळवलेले पैसे आहेत आमचे." खरंच होतं ते. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं, निम्मे मी भरायचे, निम्मे गटानं सोसायचे. आणि वहीत कारणासकट लिहायचं: वेबकॅम खराब, गोंदाच्या वाफेमुळं. आजी म्हणाल्या, "दुसरा आण. पण या वेळी घाई करू नको."

तर आता रीत नीट ऐका.

वेबकॅम घेताना ज्याची पुढची रिंग हातानं फिरते तोच घ्या. ती रिंग उलटी फिरवत राहिलं की भिंग आट्यांवरून बाहेर येतं. माझ्या वेबकॅमचे स्क्रू मी शिलाई मशीनच्याच बारीक पेचकसानं काढले. भिंगाच्या मागं लालसर चमक असलेली काचेची छोटी चकती असते. डोळ्यांना न दिसणारे, लाल रंगाच्या पलीकडचे किरण ती अडवते. भिंगाबरोबर ती निघून जाते, म्हणून मग चित्र गुलाबी दिसतं. घाबरू नका. चित्र काळं-पांढरं करून घेतलं की झालं. चंद्राचं रूप त्यात काही कमी होत नाही.

सेन्सरला बोट लावायचं नाही, तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. धूळ बसली तर रबरी पंपानं हवा मारा. काम करताना पंखा बंद आणि भिंगाचं भोक खाली.

आता पाइप. दुर्बिणीत डोळा लावायची नळी बसते, तिची जाडी बहुतेक दुर्बिणींत सव्वा इंच असते, म्हणजे पावणेबत्तीस मिलिमीटरच्या आसपास. पूर्वी फोटोच्या रोलची काळी डबी यायची, ती या मापाला बरोबर बसायची. आता ती मिळत नाही. पण आपल्याकडं शेतात ३२ एमएमचा पीव्हीसी पाइप असतोच की! तो किंचित जाड पडतो. बाहेरून पॉलिश पेपरनं घासत घासत आणला की अलगद बसतो. तुकडा तीन सेंटिमीटरच ठेवा. लांब ठेवला तर कॅमेरा मागं राहतो आणि आरशाच्या दुर्बिणीत चित्र कधीच स्पष्ट होत नाही. पाइपला आतून काळा रंग द्या, म्हणजे उजेड आत चमकणार नाही. मग कॅमेऱ्याच्या तोंडाशी तो सरळ आणि मधोमध धरून एम-सीलनं बाहेरच्या बाजूनं लिंपा. चुलीला पोतेरं देतो तसं, हळूहळू. एक रात्र वाळू द्या. कॅमेऱ्यावर बारीक दिवा असेल तर त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावा. झाला तुमचा चंद्राचा कॅमेरा.

पहिली तालीम दिवसा करा, लांबच्या मोबाइल टॉवरवर. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. दुर्बीण सूर्याकडं कधीही वळवायची नाही. एका क्षणात डोळा जातो. दिवसा दुर्बिणीपाशी लहान पोर एकटं सोडू नका.

आता चंद्र कधी बघायचा? इथं आपण बाया पुढं आहोत, कारण तिथी आपल्याला विचाराव्या लागत नाहीत. सगळ्यांना वाटतं, पौर्णिमेला बघावा. पण पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्याच नसतात, सगळं सपाट दिसतं. आपलं रान भर दुपारी कसं दिसतं? सपाट. आणि दिवस मावळताना? प्रत्येक सरी, प्रत्येक ढेकूळ वेगळं दिसतं. चंद्राचंही तसंच. शुद्ध पंचमीपासून दशमीपर्यंत, जिथं उजेड संपून अंधार सुरू होतो त्या कडेवर, डोंगरांच्या आणि खळग्यांच्या लांब सावल्या पडतात. शिवाय तेव्हा चंद्र संध्याकाळीच वर असतो. संकष्टीसारखी रात्री उशिरापर्यंत वाट बघायला नको.

आधी नेहमीच्या नळीतून चंद्र मधोमध आणा, मग नळी काढून कॅमेरा बसवा. लॅपटॉपवर शार्पकॅप नावाचं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर उघडा. पहिल्यांदा सगळं पांढरंफट दिसेल. आमची दुर्बीण इथंच फसवत होती! उजेडाचं आपोआप जुळवणं बंद करा आणि एक्स्पोजर हातानं कमी करत या. मग चंद्राची कड बघत बघत दुर्बिणीची घुंडी सावकाश फिरवा. कड सुरीसारखी झाली की थांबा.

अख्खा चंद्र मात्र मावत नाही. आमच्या दुर्बिणीत त्याचं चित्र हरभऱ्याच्या दाण्याएवढं, आठ मिलिमीटरचं पडतं, आणि सेन्सर त्याच्या निम्म्याहून लहान. म्हणून तुकडे तुकडे घ्यायचे आणि मागून गोधडीसारखे जोडायचे. पृथ्वी फिरते, त्यामुळं चंद्र सारखा सरकतो. दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा पुढं जातो. म्हणून वीस-वीस सेकंदांचाच व्हिडिओ घ्यायचा.

व्हिडिओ का, फोटो का नाही? तापल्या तव्यावरची हवा कशी हलते, तशी आपल्या डोक्यावरची हवा हलत असते. त्यामुळं चंद्र हौदाच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा डुलतो. पण मधेच एखादा क्षण हवा शांत होते. वीस सेकंदांच्या व्हिडिओत सहाशे चित्रं असतात. ऑटोस्टॅकर्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्यातली चांगली शंभरएक निवडतं, धान्य पाखडावं तशी, आणि एकावर एक बसवतं. दहा जणी मिळून ओवी म्हणतात तेव्हा एखादीचा ठसका ऐकू येत नाही, चाल मात्र ठळक होते. तसंच चित्रातले चुकार ठिपके पुसले जातात आणि चंद्राचं रूप उठून येतं.

आम्ही शुद्ध दशमी धरली. शाळेच्या ओट्यावर टीव्ही ठेवला, लॅपटॉपला तार जोडली आणि खाली सतरंज्या टाकल्या. बाया सात वाजताच आल्या, भाकरी करूनच निघाल्या होत्या. टीव्हीवर चंद्राची कड आली आणि सगळ्या गप्प झाल्या. आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. खूप वेळ बघून म्हणाल्या, "पावसानं भिजलेल्या रानातनं गुरं गेल्यावर खुरांचे ठसे राहतात, तसं दिसतंय की गं." आपण पोरांना चंद्रावरचा ससा दाखवतो ना, तो ससा म्हणजे फार पूर्वी वितळून पसरलेला आणि मग थिजलेला काळा दगड. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आहे, त्याच जातीचा.

उजेडाच्या कडेला एक मोठा गोल खळगा दिसत होता. त्याचं नाव कोपर्निकस. तो ९३ किलोमीटर रुंद आहे. आकाशातून मोठाले दगड आदळून असे खळगे झाले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर तसंच झालेलं आहे, तेही काळ्या पाषाणातच. लोणार १.८ किलोमीटर रुंद. म्हणजे त्या एका खळग्यात ओळीनं पन्नास लोणार बसतील. हे सांगितल्यावर एक वहिनी म्हणाल्या, "आणि हे सगळं आपल्या साडेसहाशेच्या कॅमेऱ्यातनं?" मी म्हटलं, "तेराशेच्या. पहिला मी घालवला, तो धरायला नको का?" सगळ्या हसल्या. रागावलेल्या दोघी-तिघीसुद्धा.

त्या रात्री कुणाला रांग लावावी लागली नाही, कुणाला वाकावं लागलं नाही. आजींनी या वेळी खरंच बघितला.

हिशेब सांगते, नाहीतर मला चैन पडणार नाही. दोन वेबकॅम तेराशे. एम-सील चाळीस, पॉलिश पेपर पंधरा. पाइपचा तुकडा शेजारच्या रानातला, फुकट. टीव्ही आणि लॅपटॉप मागून आणलेले. एकूण तेराशे पंचावन्न रुपये.

तुमच्या गावच्या शाळेत विचारून बघा, एखाद्या कपाटात दुर्बीण असेलही. असली तर गटानं मिळून मागा, एकटीनं नको. आणि पाइप चिकटवताना या बाईची आठवण ठेवा. गोंद नाही, एम-सील. घाई नाही, एक रात्र वाळू द्यायचं.

येते मी. नमस्कार.